सेवेचे पुढारपण

नेवाशाच्या पैसाच्या खांबाला आपल्यापैकी पुष्कळांनी मिठी मारली असेल. शके १२१२ मध्ये माउलींनी तेथे भावार्थदीपिका सांगितली. म्हणजे हा ग्रंथ आमच्या नगर जिल्ह्यातला, आताच्या अहिल्यानगरातला. त्याच्या तेराव्या अध्यायात 'आचार्योपासना' या एका पदावर माउली किती रमली आहे पहा! शिष्य म्हणतो, श्रीगुरूंच्या दारी उभा राहणारा मी होईन, छत्र धरणारा मी, झारी देणारा मी, स्वयंपाक करणाराही मीच. हलके म्हणून एकही काम त्याने वगळलेले नाही. हेच प्रेम गुरुसदनातून गावाकडे वळले तर काय होते, आणि संकटात लोक कोणाच्या हाकेला धावतात, हा या महिन्याचा पाठ.

'नेता' शब्द 'नी' धातूपासून होतो. धातूचा अर्थ नेणे, पोहोचविणे. हुकूम सोडणे हा अर्थ त्यात कोठेच नाही, तो आम्ही मागून चिकटविला.

रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन गृहस्थांनी १९७० साली या विषयावर एक निबंध लिहिला. टेलिफोन कंपनीत जन्म घालविलेला हा माणूस म्हणतो, जो आधी सेवक तोच खरा नेता. हे त्यांना सुचले हेर्मान हेसे या जर्मन लेखकाच्या एका कथेवरून, आणि गंमत अशी की ती कथा यात्रेकरूंची आहे! लिओ नावाचा एक गडी यात्रेकरूंची ओझी वाहतो, गाणी म्हणतो. एके दिवशी तो नाहीसा होतो आणि सारी यात्रा मोडते. तोच त्या पंथाचा मुख्य होता, हे पुष्कळ दिवसांनी कळते. दिंडीत चाललेल्या माणसाला हे नवे नाही. पाण्याचा टँकर सांभाळणारा एक दिवस आला नाही, म्हणजे दिंडीचा मालक कोण ते समजते.

आता आपल्या पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी घ्या. दुष्काळाने आणि दारूने गाव पोखरले होते. यादवबाबांच्या देवळाचे लाकूडसुद्धा भट्टीत गेले, असे सांगतात. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून परतले. त्यांनी आधी सभा घेतली नाही. पदरचे पैसे घालून देऊळ नीट केले आणि तेथेच राहू लागले. ते पाहून तरुण पोरे हाताशी आली, मग बांधबंदिस्ती, पाणी अडविणे, झाडे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसे लोक वागतात. त्याचे भाष्य येथे टिकाव-घमेल्याने झाले.

पण एक गोष्ट आम्ही झाकणार नाही. दारू न सोडणाऱ्यांना त्या गावी खांबाला बांधून मार दिला गेला, आणि अण्णांनीही ते लपविलेले नाही. हेतू चांगला असेल. तरी आमच्या मते तेवढ्यापुरती सेवा थांबली आणि शिपाईगिरी सुरू झाली. माराने दारू सुटेल, पण मार खाल्लेला मनुष्य घमेले उचलायला आनंदाने येईल काय?

नगर तालुक्यातल्या हिवरेबाजारची गोष्ट याला पूरक आहे. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले, तेव्हापासून गावाला श्रमदानाची सवय. २०२१ साली करोनाची दुसरी लाट आली. गावकऱ्यांनीच पथके केली, घरोघर तपासणी केली, आजाऱ्यांना वेगळे ठेवले, आणि मे महिन्यात गाव करोनामुक्त झाले. ही माणसे त्या दिवशी नव्याने उभी राहिली नव्हती हो! तीस वर्षे ती उभीच होती, आणि कोणते काम कोणाचे हे ज्याचे त्याला ठाऊक होते.

हे आम्हांला उशिरा समजले. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरांच्या एका छावणीवर राहिलेल्या माणसांसाठी आम्ही पिठले-भाकरीचे अन्नछत्र चालविले. धान्य आम्ही मोजायचे, वाढायचे आम्हीच, कोठीची किल्ली आमच्या करगोट्याला. लोक 'महाराज, महाराज' म्हणत, आम्हांला बरे वाटे. सहाव्या दिवशी आम्हांला ताप भरला आणि आम्ही घरी जाऊन पडलो. दोन दिवस चूल पेटली नाही. सरपण होते, पीठ होते, हातही पुष्कळ होते. पण कोणाला काही विचारायचे धाडस झाले नाही.

परत गेलो तेव्हा छावणीतली एक म्हातारी म्हणाली, "महाराज, तुमी लई राबलात. पर जाताना किल्ली तेवढी दिऊन जायाची व्हती."

किल्ली आम्ही तिथल्या तिथे तिच्या हाती दिली. पुढले दोन महिने ती तिच्याच कनवटीला होती. आम्ही रोज भाकरी थापायला बसायचो, आणि पीठ किती घ्यायचे ते तिला विचारायचो.