ढालकिडा : मारण्याआधी ओळखू या



शाळेच्या परसबागेत चवळी लावली की मावा येतोच. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेही आला. कोवळे शेंडे काळ्या माव्यानं भरून गेले. त्यातच काळ्या, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या, इवल्याशा मगरीसारख्या दिसणाऱ्या अळ्या फिरत होत्या. चौथीतला एक मुलगा म्हणाला, "सर, ह्या अळ्या झाड खायला लागल्यात!" मीही फारसा विचार न करता सांगितलं, "वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका." मुलांनी बागेतल्या सगळ्या अळ्या वेचून मारल्या.

आठवडाभरात मावा शेंगांपर्यंत पोचला. गावात आलेल्या कृषी सहायकांना दाखवलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "सर, तुम्ही राखणदारच मारले की!" त्या अळ्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या होत्या.

पुस्तकातला लाल, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा सगळ्या मुलांना माहीत असतो. त्याचं बालपण मात्र कुणी दाखवत नाही. म्हणून हा पाठ.

ओळख कशी करायची?

मादी माव्याच्या जवळच पिवळी, लांबट अंडी पुंजक्यानं उभी घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि लगेच मावा खायला लागते. चार वेळा कात टाकली की ती पानाला चिकटून कोष होते. मग भुंगेरा बाहेर पडतो. अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत साधारण तीन आठवडे लागतात. मोठा ढालकिडा दिवसाला ५० च्या आसपास मावा खातो आणि अळीही काही कमी खादाड नसते. आपल्याकडे सहज दिसणाऱ्या एका जातीच्या पाठीवर काळ्या नागमोडी रेषा असतात, तर दुसरीच्या पाठीवर सात ठिपके.

एक अपवाद मुलांना जरूर सांगा. वांग्यावरचा २८ ठिपक्यांचा भुंगेरा याच कुळातला, पण तो पानं खरवडून खातो. त्याची पाठ चकचकीत नसून बारीक लव असल्यामुळे मळकट दिसते. त्याची अळी पिवळट आणि काटेरी असते. पानाची जाळी झालेली दिसली, तर तो हाच.

आपल्या भागातलं उदाहरण

दिसण्यावरून फसगत शेतातही होऊ शकते. सांगली-साताऱ्याच्या पालकांना २००२ साल आठवत असेल. त्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता शेजारच्या जिल्ह्यांत पसरला. पानाखाली पांढरी लोकर आणि खालच्या पानांवर चिकट गोड स्राव. त्या स्रावावर काळी बुरशी वाढायची. डोक्याएवढ्या वाढलेल्या उसात शिरून फवारणार तरी कसं? तिथे मित्रकीटक कामी आले. त्यात ढालकिडेही होते, पण मुख्य काम डिफा, मायक्रोमस आणि इनकार्सिया यांनी केलं. डिफा ही तर चक्क पतंगाची अळी! उसावर अळी दिसली की आपल्याला आधी खोडकिडाच आठवतो. पण ही अळी पान खात नाही, मावा खाते.

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांचंही तसंच. पिठ्या ढेकणासाठी क्रिप्टोलिमस हा ढालकिडा सोडायची शिफारस आहे. तो १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याच्या अळीच्या अंगावर पांढरं मेण असतं, त्यामुळे ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. माहिती नसेल, तर आपण पैसे देऊन आणलेला मित्र आपणच चिरडू.

वर्गात काय करता येईल?

१. माव्यानं भरलेला एक शेंडा आणि एक अळी काचेच्या बरणीत ठेवा. तोंडाला सुती कापड बांधा. मावा आधी मोजा, दोन तासांनी पुन्हा मोजा. फरक मुलांनाच काढू द्या. नंतर अळी झाडावर सोडा.

२. एका झाडाला दोरा बांधून रोज नोंद ठेवा : मावा किती, अंडी, अळ्या, कोष, भुंगेरे किती. तीन आठवड्यांत गणिताचा आलेखही तयार होतो.

३. झाडावर मुंग्या चढतात का ते बघा. माव्याच्या गोड स्रावासाठी त्या ढालकिड्यांना हुसकावतात.

४. ढालकिडा हातात घेतल्यावर पिवळा कडवट द्राव सोडतो. मुलांना हात धुवायला सांगा.

पालकांसाठी

कडेला कोथिंबीर, बडीशेप फुलावर येऊ द्या. मावा नसेल तेव्हा ढालकिडे परागावर तग धरतात. थोडा मावा दिसला की लगेच औषध फवारू नका, कारण त्यानं आधी राखणदार मरतात आणि मावा पुन्हा वाढतो. पाण्याच्या फवाऱ्यानं शेंडे धुवा आणि आठवडाभर वाट बघा. मावा फारच वाढला तर दाट भरलेले शेंडे खुडा, पण आधी त्यावरच्या अळ्या दुसऱ्या झाडावर ठेवा.

यंदा आमच्या चवळीवर पुन्हा मावा आला. तोच मुलगा, आता सहावीतला, पहिलीच्या पोरांना सांगत होता, "थांबा, मारू नका. आधी बघा कोण आहे ते." एवढं जमलं, तरी हा पाठ पूर्ण झाला असं मी समजतो.

तुमच्या परसबागेत उद्या सकाळी एक पान उलटून नक्की बघा.