पैनगंगेच्या काठचा बर्फ

चौसाळ्याला विहीर खणायला घेतली की वर माती लागते. मग मुरूम. मग काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या. आतला तापलेला रस बाहेर आला. थरावर थर साचले. आपला बालाघाटचा डोंगर त्याचाच.

पण सगळा महाराष्ट्र असा नाही. पूर्वेला चंद्रपूर जिल्हा आहे. जुनी माणसं त्याला चांदा म्हणत. तिथे पैनगंगेच्या काठी इरई नावाचे गाव आहे. नदीच्या पात्रात चुनखडीचा खडक आहे. त्याचा माथा घोटून गुळगुळीत झालेला आहे. त्यावर लांब लांब ओरखडे आहेत. आणि वर धोंडे व मातीचा घट्ट थर बसलेला आहे.

हे कुणी केलं? पाण्यानं? पाणी दगड घासते खरे, पण असे सरळ ओरखडे काढत नाही. शिवाय पाणी माल निवडून टाकते. पूर ओसरताना ओढ्यात बघा. आधी गोटे पडतात, मग वाळू, शेवटी गाळ. इरईला तसे नाही. मोठा धोंडा, बारीक खडे, माती, सगळे एकत्र. जणू कुणी भरली गाडी पालथी केली!

हे काम बर्फाचे.

बर्फ कसा चालेल, असे तुम्ही म्हणाल. गंगोत्रीची यात्रा करून आलेल्यांना विचारा. तिथून वर गोमुख आहे. तिथे कित्येक मैल लांबीचा बर्फ डोंगरातून खाली उतरलेला आहे. तो आपल्याच भाराने सरकतो. अगदी हळू, पण सरकतो. तिला हिमनदी म्हणतात. तिच्या तळाला धोंडे अडकतात. नांगराचा फाळ दगडावर घासला की रेघ उठते ना? तशा रेघा ते धोंडे खालच्या खडकावर ओढतात.

हिमनदीच्या तोंडाशी बर्फ वितळतो. गोमुखातून भागीरथी निघते ती अशीच. ते पाणी गढूळ असते, कारण त्यात दगडाचे पीठ असते. पाणी वाळू पसरवत पुढे जाते. चंद्रपूरकडेही असेच झाले. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी. ती वाळू दाबली गेली, घट्ट झाली, तिचा हिरवट वालुकाश्म झाला. वालुकाश्म म्हणजे वाळूचा दगड.

चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तिथे बर्फ? मोठमोठ्या पंडितांनाही हे पटेना. १८५६ साली ओरिसात तालचेर येथे असेच धोंडे मिळाले होते. ते बर्फाने आणले असे काहींनी सांगितले. लोकांनी शंका काढल्या. पुढे १८७२ साली फेडन नावाच्या सरकारी भूशास्त्रज्ञाला इरईचे ओरखडे दिसले. मग शंका घेणे अवघड झाले. कारणही पुढे कळले. तेव्हा आपली भूमी आफ्रिका आणि अंटार्क्टिका यांना जोडलेली होती, पार दक्षिण ध्रुवाजवळ. नंतर ती सरकत सरकत इकडे आली.

या थराला तालचेरचा थर म्हणतात. बर्फ गेल्यावर त्याच्या वर दलदल झाली, झाडे वाढली, गाडली गेली. त्यांचाच पुढे कोळसा झाला. घुग्घुस, बल्लारपूरचा कोळसा तोच. म्हणून तिकडे कोळशासाठी भोक पाडताना खालून हिरवट तालचेरचा दगड येऊ लागला की जाणता माणूस यंत्र थांबवतो. त्याच्या खाली कितीही पैसा ओतला तरी कोळसा लागायचा नाही.