धोतरा सायकेडेलिक आहे का?

प्रश्न : धोतऱ्याच्या बिया खाल्ल्यावर भास होतात, म्हणजे तो सायकेडेलिक का?
– एक वाचक, कुंभवली (जि. पालघर)

उत्तर : नाही, आणि हा समज जिवावर बेतू शकतो. एलएसडी, सायलोसायबिन, मेस्कॅलिन ही सायकेडेलिक द्रव्ये मेंदूतील सेरोटोनिनच्या ग्राहींवर काम करतात. आपण नशेत आहोत, हे भान बहुधा उरते. (१९८५च्या एनडीपीएस कायद्याने तीही प्रतिबंधित आहेत.) धोतऱ्यातील अ‍ॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन अ‍ॅसिटिलकोलिनचे काम अडवतात. तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, अंग तापते, लघवी तुंबते. माणूस समोर नसलेल्यांशी बोलू लागतो आणि ते खरेच मानतो. ही विषबाधा आहे. बिया लहानमोठ्या, विष कमीजास्त. त्यामुळे ‘सुरक्षित मात्रा’ नसतेच. कुणी खाल्ल्यास घरी उलट्या काढत बसू नका, ताबडतोब १०८ला फोन करा.