ओहोटी पाहून काढलेली सुट्टी

आमवाताच्या माणसाला भेटणारा प्रत्येक जण एक सल्ला देतो : चार दिवस कुठेतरी जाऊन या, बरं वाटेल. सल्ला चांगलाच आहे, पण आमच्यासाठी जाणं हेच मोठं काम असतं. मला ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे. घरात कुबडीवर भागतं, बाहेर व्हीलचेअर लागते. सकाळी बोटं, मनगटं, गुडघे आखडलेले असतात आणि सुटायला तासभर तरी घेतात, थंडीत त्याहून जास्त. आजार सोबत येणारच, हे धरून मी आणि माझा नवरा ठाण्याहून जमेल तसे कोकणात जातो. ‘आता कसलं आपलं फिरणं’ असं म्हणून ज्यांनी बॅगा माळ्यावर टाकल्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. गावाआधी वार ठरवा.

मी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या शनिवारी रात्री घेते. रविवार मळमळ आणि थकव्यात जातो, सोमवारी जरा उभारी येते, मंगळवार-बुधवार माझे सगळ्यात चांगले वार. म्हणून आमचा प्रवास मंगळवारी सुरू होतो. शनिवार-रविवारला जोडून रजा काढण्याची नवऱ्याची जुनी सवय त्यासाठी मोडावी लागली, पण आठवड्याच्या मधल्या वारी किनारे मोकळे असतात आणि खोल्याही स्वस्त मिळतात. कुणाचं डायलिसिस असेल, कुणाला महिन्याकाठी सलाइनमधून औषध घ्यावं लागत असेल. प्रत्येकाच्या आठवड्यात असे चढउतार असतात. ते आधी कॅलेंडरवर मांडा आणि मग गावाचं नाव काढा. औषधाचा वार बदलायचा झाला तर डॉक्टरांना विचारूनच.

मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांसाठी आणखी एक. सुट्टीत वारांचं भान राहत नाही, आणि आठवड्यातून एकदा घ्यायची ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. मी सोबत त्या मुक्कामापुरत्याच गोळ्या वेगळ्या डबीत घेते आणि डबीवर मोठ्या अक्षरात ‘शनिवार’ लिहिते.

२. मुक्काम एकच ठेवा.

गणपतीपुळे, मग रत्नागिरी, मग मालवण आणि आलोच आहोत तर गोवा, अशी सहल धडधाकट माणसालाही दमवते. आम्हाला प्रत्येक नवी खोली नव्याने शिकावी लागते : पलंग किती उंच, दिव्याचं बटण कुठे, रात्री न्हाणीघरात जाताना हात कशाला टेकायचा. हे शिकण्यातच एक दिवस जातो. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तर आम्ही काहीच ठरवत नाही. प्रवासाचा शीण मला त्याच दिवशी जाणवत नाही, तो दुसऱ्या दिवशी अंगावर येतो. तो दिवस खाटेवर पडून, ओसरीवर बसून, कुणाशी गप्पा मारून गेला तर पुढचे दिवस हाती लागतात. सुट्टीचा एक दिवस वाया गेला असं मी त्याला म्हणत नाही. त्यासाठीच तर आलेलो असतो.

३. फोनवर इंचांत बोला.

‘व्हीलचेअर चालेल ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘हो’ हेच उत्तर मिळतं. कुणी खोटं बोलत नाही. पायऱ्या दोनच आहेत, चार माणसं उचलतील, असं त्यांच्या मनात असतं. मला उचलून घेतलेलं आवडत नाही, आणि दुखऱ्या खांद्याला चुकीचा हात लागला की पुढचे दोन दिवस तो खांदा बोलतो. म्हणून मी प्रश्नच बदलले. माझी घडीची खुर्ची चाकांसकट २५ इंच रुंद आहे. खोलीचं दार किती इंच? न्हाणीघराचं किती? (आपल्याकडे खोलीचं दार रुंद असतं आणि न्हाणीघराचं हमखास अरुंद.) उंबरठा किती उंच? कमोड आहे का, आणि त्याच्या शेजारी खुर्ची लावायला जागा आहे का? गाडी दारापर्यंत येते की चिऱ्यांच्या पायऱ्या उतरून खाली जावं लागतं? कोकणातली घरं उतारावर असतात, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न विसरू नये.

तारकर्लीच्या एका घरगुती मुक्कामात मी हे सगळं विचारल्यावर तिथल्या वहिनी म्हणाल्या, ‘वायच थांबा ताई, मी मोजून सांगतंय.’ मागून शिवणयंत्राचा खण ओढल्याचा आवाज आला. ब्लाउज बेतायची टेप घेऊन त्यांनी दार मोजलं, ‘सव्वीस’ म्हणाल्या, मग आपणहून व्हिडिओ कॉल लावला आणि टेप उंबरठ्याला उभी धरून दाखवली : साडेतीन इंच. न्हाणीघरात बसायला त्यांनी हातांची प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली, पाय घसरू नये म्हणून रबरी चटई घातली आणि उंबरठ्याशी फळीचा उतार लावला. यात खर्च जवळपास काहीच नव्हता. ताऱ्यांची मोठी हॉटेलं पाहिली आहेत मी, जिथे स्वागतकक्षात संगमरवर आहे आणि ‘दिव्यांगांसाठीच्या’ खोलीत कमोडजवळ धरायला दांडा नाही. संकेतस्थळावरच्या व्हीलचेअरच्या चिन्हावर विसंबू नका. न्हाणीघराचा फोटो मागवा, तोही दारातून काढलेला.

४. गाडी आपल्या सांध्यांना विचारून निवडा.

मुंबईहून मडगावला जाणाऱ्या वंदे भारत, तेजस आणि जनशताब्दी पहाटे सुटतात. लवकर पोहोचतात हे खरं, पण त्या पकडायच्या तर मला मध्यरात्रीनंतर उठून अंग मोकळं करत बसावं लागेल. मांडवी सकाळी सातनंतर सुटते, ठाण्याला आठच्या सुमारास येते आणि उजेडी कुडाळला सोडते. वेळ जास्त लागतो, तो मी लागू देते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक निराळं असतं, तेव्हा त्या दिवसांत वेळा पुन्हा पाहाव्यात.

ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये थांबली तेव्हा अनेक दिव्यांगांना वाटलं, आपलीही गेली. ती गेलेली नाही. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थ्री टायर एसीमध्ये भाड्यात ७५ टक्के, टू टायरमध्ये ५० टक्के सवलत मिळते, आणि सोबतच्या एका माणसालाही तेवढीच. त्यासाठी ठरावीक नमुन्यातला डॉक्टरांचा दाखला देऊन रेल्वेचं ओळखपत्र काढावं लागतं. ते एकदा हातात आलं की घरबसल्या तिकीट निघतं आणि दिव्यांग कोट्यातून खालचा बर्थ मागता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांत आमवात हे नाव सापडत नाही, म्हणून बरेच रुग्ण तिथेच थांबतात. पण आजारामुळे सांध्यांच्या हालचालीवर आलेली मर्यादा अस्थिव्यंगात मोजली जाते. दाखल्यासाठी अर्ज जरूर करा.

उतरताना मात्र घाई होते. लहान स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. आधीचं स्टेशन सुटलं की आम्ही दाराशी जातो, टीसीला आधीच सांगून ठेवलेलं असतं, आणि नवरा आधी खुर्ची उतरवतो, मग मला.

विमानाने जाणार असाल तर व्हीलचेअरची मागणी किमान ४८ तास आधी नोंदवा, आणि नेमकी नोंदवा. लांब चालता येत नाही पण पायऱ्या चढता येतात, पायऱ्याही चढता येत नाहीत, की थेट आसनापर्यंत खुर्चीवरूनच न्यावं लागतं, असे त्यात तीन प्रकार आहेत. आपला प्रकार सांगितला नाही तर विमानाच्या शिडीपाशी पोहोचल्यावर घोटाळा होतो.

५. इंजेक्शनचा डबा हातातच राहू दे.

बायॉलॉजिक औषधांची इंजेक्शनं, तशीच इन्सुलिनची न उघडलेली कुपी, २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. ती गोठली तर फेकून द्यावी लागते, हे लोकांना माहीत नसतं. बर्फाच्या पाकिटाला चिकटवून ठेवलेलं इंजेक्शन गोठू शकतं. मध्ये रुमालाची घडी हवी. विमानात ते सामानात टाकू नये, हातातल्या पिशवीत ठेवावं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. मुक्कामी फ्रीज आहे का, रात्री वीज जाते का, हे आधीच विचारावं. फ्रीजरच्या खाली किंवा मागच्या भिंतीला टेकून ठेवू नये, दारातही नको. मधला कप्पा बरा. मालवणात फ्रीज म्हणजे सुरमई, बांगडा आणि नारळाचं दूध. वहिनींनी मधला कप्पा रिकामा करून दिला आणि घरातल्या मुलांना सांगितलं, ह्या डब्याला हात लावायचा नाही.

बाकीची औषधं मी दोन पिशव्यांत विभागून नेते, म्हणजे एक हरवली तरी अडत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्यात खंड पडता कामा नये. त्या एकाएकी थांबवणं धोक्याचं असतं.

६. तिथी पाहून तारीख ठरवा.

समुद्र पाहायला जाऊन रस्त्यावरूनच परत फिरणं मी बरीच वर्षं केलं. कोरड्या वाळूत व्हीलचेअरची पुढची लहान चाकं रुततात, ढकलणाऱ्याचा घाम निघतो आणि बसणाऱ्याला प्रत्येक हिसका मणक्यात कळतो. मग तारकर्लीच्या एका रापणकर मच्छीमाराने मला नुसतं वाळूकडे बघायला सांगितलं. भरतीचं पाणी मागे सरलं की जी ओली पट्टी राहते ती घट्ट असते. तिच्यावर सायकल चालते, मोटारसायकल चालते, मग खुर्ची का नाही चालणार?

प्रश्न वेळेचा होता. सकाळी मी आखडलेली, दुपारी ऊन, आणि माझ्या औषधांनी कातडी उन्हाला हळवी झालेली. मला ओहोटी संध्याकाळीच हवी. किनाऱ्यावरची माणसं भरतीचा हिशेब तिथीवरून करतात : तिथीच्या आकड्याला पाऊण पटीने गुणायचं, येईल तो भरतीचा तास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊण पट सव्वाअकरा. म्हणजे भरती दुपारी बाराच्या अलीकडे-पलीकडे आणि ओहोटी तिथून सहा तासांनी, पाच-साडेपाचला. अष्टमीला हेच उलटं : भरती सहाला, ओहोटी भर दुपारी. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यात लांब मागे जातं, त्यामुळे घट्ट वाळूची पट्टीही रुंद मिळते. वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून मी पौर्णिमेच्या एक-दोन दिवस आधी पोहोचेन अशी तारीख धरते. हिशेब ढोबळ आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून घ्यावी आणि स्थानिकांना विचारावं.

कोरडी वाळू तरीही मध्ये आडवी येतेच. ती ओलांडायला आम्ही दोन जुन्या चटया नेतो : एकीवरून खुर्ची पुढे गेली की मागची उचलून पुढे टाकायची. ओल्या पट्टीवर पोहोचलं की खुर्ची सहज पळते. मी स्वतःच्या हातांनी चाकं फिरवते तिथे, जेवढी मनगटं देतील तेवढी. पाण्याची लाट पावलांवरून जाते, चाकांखालची वाळू सरकते, आणि नवरा मागे हात सोडून उभा असतो. परतल्यावर चाकांचे बेअरिंग गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल घालायचं, नाहीतर मीठ ते खाऊन टाकतं.

७. सोबतच्या माणसालाही सुट्टी द्या.

घरी जो माणूस उठवतो, धरतो, औषधाची आठवण करतो, तोच प्रवासात बॅगाही उचलतो. त्याला सुट्टी कधी? नवरा सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायला तयार नव्हता, कारण मला होडीत चढता-उतरता येत नाही. मी हट्टाने पाठवलं. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला तो किल्ला त्याने अर्धा दिवस हिंडून पाहिला आणि तटबंदीच्या पायात शिसं कसं ओतलंय ते रात्री मला सांगत बसला. तेवढा वेळ वहिनींच्या पडवीत मी कोकमं निवडत होते, आणि हाक मारायला माणूस जवळ होतं. मला काही कमी पडलं नाही. आपल्यामुळे कुणाचं तरी पाहायचं राहून गेलं, हे ओझं बाळगून आराम होत नाही. रोजचे दोन तास त्याचे, असं आम्ही आता निघण्यापूर्वीच ठरवतो.

८. जवळचा दवाखाना नकाशावर पाहून ठेवा.

मालवणजवळ असाल तर जिल्हा रुग्णालय ओरोसला आहे, गोव्यात बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय. महाराष्ट्रात आणि गोव्यातही रुग्णवाहिकेसाठी १०८. आमची रोगप्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते, त्यामुळे ताप आला तर ‘प्रवासाचा असेल’ म्हणून अंगावर काढायचा नाही. पाणी उकळलेलं, मासे पूर्ण शिजलेले. एवढं पाळलं की बाकी काळजी सोडून द्यावी.

९. परतल्यावर कळवा.

वहिनींचा चांगुलपणा मी कधी विसरणार नाही, पण दर ठिकाणी चांगुलपणा भेटेल या भरवशावर कुणी सुट्टी का आखावी? सार्वजनिक जागा आणि सेवा आम्हाला वापरता येतील अशा असाव्यात, हे २०१६ च्या कायद्याने सांगितलं आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सरकारला बजावलं आहे की त्याचे निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारकच हवेत. हॉटेलमालकाला हे माहीत असेलच असं नाही. म्हणून मी प्रत्येक मुक्कामानंतर पत्र लिहिते. आधी जे चांगलं होतं ते, मग मापं : न्हाणीघराचं दार २४ इंच आहे, ३२ हवं, कमोडशेजारी जमिनीपासून साधारण ३० इंचांवर दांडा हवा, उंबरठा काढून उतार करा. तक्रारीच्या सुरात लिहीत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचं असतं. एका ठिकाणाहून उत्तर आलं नाही. दुसऱ्या एकाने महिन्याभरात दांडा बसवून फोटो पाठवला. दांडा जरा उंचावर लागलाय; तेही मी कळवलं आहे, आणि पुढच्या पौर्णिमेची चौकशी केली आहे.