डोंगर का सुटतो?

आपला जिल्हा दुष्काळासाठी ओळखला जातो. परंतु अकोले तालुक्यातील घाटघर, रतनवाडीच्या परिसरात आषाढ-श्रावणात पाऊस अखंड कोसळत असतो. तेथील डोंगरउतारांवरही आपल्या माणसांची वस्ती आहे. म्हणून या स्मरणिकेत हा पाठ आम्ही मुद्दाम देत आहोत.

30 जुलै 2014 रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले; 151 माणसे मृत्युमुखी पडली. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग ओढवला. दोन्ही ठिकाणी बळी गेले ते प्रामुख्याने आदिवासी बांधव. अशा वेळी ‘दैवाचा कोप’ म्हणून हात जोडले जातात. परंतु तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद कारणावाचून कार्य मानीत नाही.

सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकावर मुरूम-मातीचा थर असतो. संततधार पाऊस त्यात मुरला की थर जड होतो. खालच्या कठीण खडकाशी पाणी अडते, त्याचा दाब वाढतो आणि मातीची पकड सैल होते. उताराचा पायथा खोदलेला असल्यास आधारही उरत नाही. हिमालयातील हिमस्खलनातही असेच घडते: जुन्या बर्फावरील भुसभुशीत थरावर नव्या हिमाचा भार पडतो आणि वरचा थर निसटतो.

डोंगर बहुधा पूर्वसूचना देतो. जमिनीला भेगा पडतात, झाडे व खांब कलतात, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होते, घराची दारे चौकटीत अडकू लागतात. ही चिन्हे दिसताच गुरे, भांडी यांचा विचार न करता उताराच्या वाटेतून बाजूला व्हावे, ओढ्याच्या काठाने खाली धावू नये, आणि तलाठी व तहसील कार्यालयास त्वरित कळवावे.

इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत नव्हते. यादीत नाव नाही म्हणून धोका नाही, असे मानता येत नाही. माळीणचे पुनर्वसन झाले, पण गाव गेल्यानंतर. घटना घडण्यापूर्वी सुरक्षित जागा मिळणे हा या वस्त्यांचा हक्क आहे. ती कृपा नव्हे. आमचे जे माजी विद्यार्थी आज महसूल, शिक्षण वा ग्रामपंचायतीत आहेत, त्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा अशा वस्तीवर जावे, उतार पाहावा, भेगांची नोंद करावी आणि ग्रामसभेत ठराव मांडावा. बाबासाहेबांनी दिलेल्या शिक्षणाच्या मंत्राचा हा एक अर्थ आहे.