काहीच वाटत नाही, तरी?

"प्रार्थनेला बसतो, डोळे मिटतो आणि काहीच वाटत नाही," भाच्याने एकदाचं सांगून टाकलं.

रविवारची तेलुगू उपासना आटोपून तो आत्याकडे जेवायला आला होता. आत्या मूळच्या नगरकडच्या, नवऱ्याच्या सिंगरेणी कोळसा खाणीतल्या नोकरीमुळे बेल्लमपल्लीत आल्या आणि इथल्याच झाल्या. शाळेत मराठी शिकवून आता निवृत्त. भाचा भूमिगत खाणीत कामाला, पाळी आठवड्याला बदलते.

"काय वाटायला हवं होतं?" आत्यांनी विचारलं.

"डोळ्यांत पाणी यावं, अंगावर काटा यावा. सभेत लोक रडतात, उभं राहून साक्ष देतात. मी घड्याळ बघत असतो."

"पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली झाला, इंग्लंडात वाँटेजला. पुढे त्यांनीच लिहिलं, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी आठेक वर्षं गेली. एवढी विदुषी, संस्कृतात वाद घालणारी बाई! तुझं काय घेऊन बसलास?"

"म्हणजे आठ वर्षं वाट बघायची?"

"त्या बसल्या होत्या का वाट बघत? त्याच काळात, 1889 साली, मुंबईत शारदा सदन काढलं. विधवा मुलींना शिकवलं. पुढे मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या मुलींना आणून केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, मुलींना छापखान्यात खिळे जुळवायला शिकवलं. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, तेव्हा नुकतंच ते काम हातावेगळं झालं होतं."

भाच्याला हे मोठं वाटलं, पण पुरलं नाही. "शेवटी त्यांना वाटलंच ना, आत्या. मला कधीच नाही वाटलं तर?"

खरा काटा हाच होता. आत्यांनीही तो टाळला नाही. मदर तेरेसांची पत्रं 2007 साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा जग चक्रावलं होतं, हे त्यांनी सांगितलं. कोलकात्यातल्या रस्त्यांवर मरणाऱ्यांना उचलणाऱ्या त्या बाईने जवळजवळ पन्नास वर्षं आतून अंधार सोसला होता. देव जवळ आहे असं तिला वाटत नव्हतं, आणि ते तिने आपल्या धर्मगुरूंना लिहून कळवलं होतं. "स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून बघ. बाकीची बहुतेक विलापस्तोत्रं शेवटाला सावरतात. हे अंधारातच संपतं. तरी कुणी ते पवित्र शास्त्रातून काढलं नाही. देवापुढे असंही बोलता येतं, म्हणून ते तिथे आहे."

"ते मला आवडलं," भाचा म्हणाला.

"पाळीला खाली उतरल्यावर छत ठोकून बघतोस, आवाज ऐकतोस, लागला तर टेकू देतोस. तेव्हा तुला काय वाटतं?"

"काही नाही. ते करावंच लागतं."

"आणि मन लागत नाही म्हणून एखाद्या दिवशी सोडून देतोस?"

भाच्याने मान हलवली. मग म्हणाला, "पण छत प्रेमाने बघत नाही कुणी. प्रार्थना तशीच केली तर ती नुसती हजेरी होते."

"होते काही दिवस," आत्या म्हणाल्या. "हजेरीत बसलेलं पोर कधी ना कधी ऐकतं. गैरहजर असतं त्याला शिकवणार कसं? चाळीस वर्षं वर्गात उभी होते मी."

मग त्या आपल्या आवडत्या तक्रारीवर आल्या. 31 डिसेंबरच्या रात्री उपासनेत वर्षाचं वचन म्हणून चिठ्ठी उचलायची आणि ती फ्रेममध्ये लावायची. रोज सकाळी मोबाईलवर फुलांच्या चित्रावर एक ओळ यायची, ती पुढच्या दहा जणांना पाठवायची, आणि झालं वाचन! "आशीर्वादाच्या ओळी तेवढ्या खुडून घेता. त्या ओळीच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, कुणाला ठाऊक? यिर्मयाचं वचन भिंतीवर असतं. ते पत्र बंदिवासात गेलेल्यांना लिहिलंय आणि त्यात सत्तर वर्षं थांबायला सांगितलंय, हे भिंतीवर नसतं."

"मग वाचू कसं?"

"सलग वाच. मार्काचं शुभवर्तमान सोळा अध्यायांचं. सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत होतं. स्तोत्रं दीडशे. रोज पाच वाचली तर तीस दिवसांत पूर्ण होतात. अँग्लिकनांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात ती महिन्याच्या सकाळ-संध्याकाळांत वाटूनच दिली आहेत. रात्रपाळी असेल तर घरी येऊन झोपण्याआधी वाच. पहाटेच वाचलं पाहिजे असा नियम मी तरी कुठे वाचला नाही."

"आणि उपास?"

"लेंटमध्ये कर. जेवणाचे वाचलेले पैसे कुणाच्या तरी घरी तांदळाच्या रूपाने पोचव आणि गप्प बस."

गाण्यांचा विषय निघाला तसा आत्यांचा आवाज चढला. कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांची पदं, नारायण वामन टिळकांचे अभंग इथल्या मराठी घरांतली मुलं गात नाहीत, कारण त्यांना देवनागरी वाचता येत नाही. आदिलाबाद आणि चांदा यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. पण कॅथलिकांचा आदिलाबाद धर्मप्रांत 1999 पर्यंत चांदा धर्मप्रांताचाच भाग होता, आणि चांदा धर्मप्रांताचं मुख्य ठिकाण बल्लारपूर. फादर स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि त्यांनी 1616 साली ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं. "एक परका माणूस आपल्या भाषेत हजारो ओव्या रचतो, आणि आपण आपली चार पदं विसरतो."

"मला तेलुगूच बरं वाचता येतं, आत्या."

"मग पुरुषोत्तम चौधरींची कीर्तनं गा. तीही आपल्या रागांतली आहेत. मराठीचं दुःख माझं आहे, तुझी प्रार्थना त्यासाठी अडायला नको."

भाचा थोडा धीट झाला. "रमाबाई, टिळक, मदर तेरेसा. सगळी मोठी माणसं. मी कंत्राटी कामगार."

"टिळकांच्या लक्ष्मीबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या?" आत्या उखडल्या. "नवऱ्याने 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. सोवळं सुटेना. मग त्यांनी स्वतः विचार केला, की जात देवाने केली की माणसाने? आणि कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा. विश्वास आधी ताटात आला, मग नोंदवहीत. टिळक 1919 साली गेले, त्यांच्या ख्रिस्तायन काव्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय या बाईने लिहिले."

"टिळकांना तरी वाटलं होतं ना?"

"परत तेच!" आत्या रागावल्या, मग त्यांनाच त्याची दया आली. "त्यांचं ऐक. 1893 साली राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. ते वाचत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडले. पुढे जाववेना. ते प्रवचन तू शेवटचं कधी वाचलंस?"

"संडेस्कूलमध्ये."

"त्यात वेदीवर अर्पण आणणाऱ्या माणसाबद्दल काय आहे?"

भाचा गप्प झाला. त्याला आठवत होतं. भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी भावाशी समेट करायचा. बल्लारपूरच्या थोरल्या भावाशी त्याचं घराच्या वाटणीवरून बिनसलं होतं. आईच्या वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेलाही दोघे वेगवेगळ्या वेळी आले होते.

आत्यांनी त्याच्या गप्प होण्यावर बोट ठेवलं नाही. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने आपल्या लोकांना लावलेली सवय त्यांनी सांगितली. रात्री सरलेला दिवस तपासायचा. कशाबद्दल आभार, कुठे चुकलो, उद्या कुणाकडे जायचं आहे. पाच-दहा मिनिटं पुरतात. ख्रिस्तपुराणवाले स्टीफन्स इग्नेशियसच्याच येशूसंघाचे.

"दादाशी बोललो, तर प्रार्थनेत काही वाटायला लागेल?"

"ते मी कसं सांगू? मला नाही ठाऊक. पण त्याच्या मनात जे आहे ते आहे, आणि ते तुला माहीत आहे."

"त्याची चूक जास्त आहे, आत्या."

"असेल. तुझी जेवढी आहे तेवढीच बोल."

भाच्याने पुढच्या आठवड्याची पाळी सांगितली. गुरुवारी सुट्टी होती. काझीपेठ-बल्लारशा मार्गावरची सकाळची गाडी धरली तर दुपारी भावाच्या दारात पोचता येईल. फोन आधी करावा की थेट जावं, यावर दोघांचं बराच वेळ जमेना. आत्यांचं म्हणणं, फोन कर, वहिनीला स्वयंपाकाला वेळ मिळेल.