ब्रेडच्या चुऱ्याचे आवरण

प्रास्ताविक

सुरमईची तुकडी तव्यावर परतणे अनेक घरांत सवयीचे असते. तीच तुकडी ब्रेडचा चुरा लावून ओव्हनमध्ये ठेवली, की मात्र ती पुष्कळदा आतून कोरडी पडते आणि वरचा चुरा पांढुरका राहतो. महागाचा मासा वाया जातो आणि दोष यंत्राला दिला जातो. वस्तुतः चूक यंत्राची नसते. कृतीमागील कारण ठाऊक नसते. चेन्नईतील वेस्ट मांबलम या वस्तीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाचे स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवून या पाठात ते कारण समजून घ्यायचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला
• परक्या शहरात माशाची ओळख व पारख कशी करावी, हे सांगता येईल;
• चुऱ्याच्या आवरणाचे प्रयोजन स्पष्ट करता येईल;
• मासा भाजण्याची कृती क्रमाने लिहिता येईल.

१. नावे निराळी, मासा तोच

वेस्ट मांबलममध्ये शाकाहारी घरांची संख्या मोठी आहे. मासळीसाठी मांबलमच्या पुढचेच रेल्वे स्थानक असलेल्या सैदापेटच्या बाजारात किंवा थेट काशिमेडूच्या मासेमारी बंदरावर जाता येते. तेथे ‘सुरमई’ म्हणून विचारणाऱ्याला उत्तर मिळेलच असे नाही. तमिळमध्ये सुरमईला ‘वंजरम’, पापलेटला ‘वव्वाल’ आणि रायगड जिल्ह्यात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या जिताड्याला ‘कोडुवा’ म्हणतात. ही तीन नावे पाठ असली, तर नवख्या माणसाची फसगत टळते.

ऋतूचेही भान हवे. माशांच्या पैदाशीसाठी पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून आणि पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे प्रत्येकी ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. या काळात बाजारातील मासळी दुरून, बर्फात राहून आलेली असू शकते. अशा वेळी तळ्यात वाढवलेला जिताडा उपयोगी पडतो. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बीज कृत्रिम प्रजननाने तयार करण्यात यश मिळवले.

२. ताजेपणाची पारख

ताज्या माशाचे डोळे फुगीर व चकचकीत असतात, कल्ले लाल असतात आणि बोटाने दाबलेला भाग लगेच वर येतो. ही पारख केवळ चवीसाठी नसते. सुरमई, बांगडा आणि कुपा हे एकाच कुळातील मासे आहेत. ते उष्ण हवेत पडून राहिले, तर जिवाणूंमुळे त्यांच्यात हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. असा मासा खाल्ल्यास चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर पित्त उठणे, उलटी होणे अशी लक्षणे दिसतात. हे द्रव्य शिजवल्याने नष्ट होत नाही. लिंबू आणि मसाल्यानेही नाही. म्हणून चेन्नईच्या उन्हात मासा बर्फासह घरी आणावा आणि आणल्याबरोबर शीतकपाटात ठेवावा. शंका आल्यास तो टाकून देण्यातच शहाणपण आहे.

३. आवरणाचे प्रयोजन

माशाच्या मांसात बहुतांश भाग पाण्याचा असतो आणि त्याचे तंतू कोवळे असतात. त्यामुळे तो लवकर शिजतो आणि तितक्याच लवकर कोरडा पडतो. त्याला थेट आचेपासून जपण्याच्या रीती निरनिराळ्या प्रांतांत आहेत. कोकणात तुकडी रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवतात. पारशी लोक ‘पात्रा नी मच्छी’ केळीच्या पानात गुंडाळून वाफवतात. ब्रेडच्या चुऱ्याचे आवरण हीही त्याच विचारातून आलेली रीत आहे. गोव्यात पोर्तुगीजांबरोबर पाव आला. तेथील पाववाल्यांनी, म्हणजे पदेरांनी, पीठ आंबवण्यासाठी माडाची सूर वापरली. पाव घरोघरी पोहोचल्यावर शिळ्या पावाचा चुरा स्वयंपाकात येणे स्वाभाविकच होते.

तळणे आणि भाजणे यांत मात्र एक भेद आहे. तापलेले तेल झपाट्याने उष्णता देते. ओव्हनमधील हवा ती सावकाश देते. शिवाय ओला पृष्ठभाग १०० अंश सेल्सिअसच्या पलीकडे सहसा तापत नाही आणि चुऱ्याला बदामी रंग व खमंग वास येण्यास सुमारे १४० अंश लागतात. चुरा कोरडाच लावला, तर त्याला रंग येण्यापूर्वीच मासा शिजून सुकतो. म्हणून चुरा आधीच तेलात परतून घेणे, ही या कृतीची किल्ली आहे.

४. कृती

साहित्य : सुरमईच्या सुमारे २ सेंटिमीटर जाडीच्या ४ तुकड्या (५०० ग्रॅम), शिळ्या ब्रेडचे ४ काप, २ मोठे चमचे तेल, १ अंडे किंवा थोडे घट्ट दही, लसूण, हळद, तिखट, कोथिंबीर, अर्धे लिंबू, मीठ.

तुकड्यांना मीठ, हळद, तिखट, वाटलेली लसूण व लिंबाचा रस लावून १५ मिनिटे ठेवावे. याहून फार वेळ ठेवल्यास आंबटपणाने मांस भुसभुशीत होते. तोवर ब्रेड सुकवून लाटण्याने भरडावा, मंद आचेवर तेलात फिकट बदामी होईपर्यंत परतावा आणि त्यात चिरलेली कोथिंबीर मिसळावी. ओव्हन २०० अंशांवर तापत ठेवावा. तुकड्यांना सुटलेले पाणी स्वच्छ कापडाने टिपावे. वरच्या बाजूला फेटलेले अंडे किंवा दही लावून त्यावर चुरा हलक्या हाताने दाबावा. खालच्या बाजूला चुरा लावू नये. तो पाझरलेल्या पाण्याने भिजतो. तुकड्या जाळीवर ठेवून १२ ते १५ मिनिटे भाजाव्यात. काट्याजवळचे मांस अपारदर्शक होऊन सहज सुटू लागले, की मासा शिजला. तापमापक असल्यास मधोमध ६३ अंश दिसले पाहिजेत.

ओव्हन नसेल, तर जाड बुडाच्या पातेल्यात वाळूचा थर देऊन त्यावर तिवई ठेवावी, पातेले झाकून चांगले तापवावे आणि ताटलीत तुकड्या मांडून ती तिवईवर ठेवावी. झाकणाखाली वाफ साचून आवरण मऊ राहते. म्हणून चुरा मासा शिजल्यानंतर वर पसरावा.

बंद भांड्यात भाजताना तेलाचा धूर होत नाही, त्यामुळे वासही तळण्याच्या मानाने कमी पसरतो. शेजारी शाकाहारी असलेल्या इमारतीत हा सोयीचा आणि सौजन्याचाही मार्ग ठरतो.

समारोप

पाककृती पाठ करणारा एकच पदार्थ शिकतो. आवरण कशासाठी आणि चुरा आधी का परतायचा, हे ज्याला कळले, तो सुरमई मिळाली नाही तर जिताडा घेतो, ब्रेड नसेल तर भाजलेला रवा वापरतो आणि ओव्हन नसेल तर पातेल्यावर निभावतो. सैदापेटच्या बाजारात वंजरम विकत घेणारे मराठी कुटुंब याच समजुतीच्या बळावर आपली चव राखू शकते.

पाठगत प्रश्न

१. मासा खराब झाल्याची शंका आल्यास तो शिजवून का खाऊ नये?
२. तळताना चुरा आधी परतावा लागत नाही. भाजताना तो का परतावा लागतो?
३. तुमच्या घरातील एखाद्या पदार्थाची कृती कारणांसह आठ-दहा वाक्यांत लिहा.